कमी पडेल या भीतीचं वजन: नव्या खानावळवाल्यांसाठी

खानावळ काढणाऱ्या प्रत्येकाला रात्री साडेनऊची भीती असते. दारात एकदम सहा मेंबर उभे आणि वाढप्याच्या डावाला पातेल्याचा तळ लागतोय. खर्रर्र असा तो आवाज. एकदा ऐकला की माणूस दुसऱ्या दिवशी न मोजता दोन मापं तांदूळ जास्त टाकतो, भाजीत एक गड्डा फ्लॉवर वाढवतो आणि रात्री अकराला ते सगळं बादलीत ओतताना स्वतःला समजावतो, 'उरलेलं परवडलं, पण कमी पडायला नको.'

मी पुण्यात पेठेत सोळा वर्षं मेस चालवली. सुरुवात घरच्या ओट्यावर, अकरा डब्यांनी. शेवटी दोन्ही वेळची मिळून सव्वादोनशे पानं. आता सगळं सूनबाई बघते आणि मी गल्ल्यावर बसून तिला नको असलेल्या सूचना करते. नवी मेस काढणारी मुलं-मुली विचारायला येतात ती भाडं, गॅस, आचारी, लायसन यांबद्दल. बादलीबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहिते आहे. शंभर-दीडशे पानांची मेस, थाळीचं हॉटेल, पोळीभाजी केंद्र, कंपनीचं लहान कॅन्टीन, सगळ्यांना हे लागू पडेल. लग्नाचं केटरिंग वेगळं गणित आहे, ते इथे नाही.

जगाचा हिशेब एका ओळीत सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली घरं, दुकानं आणि हॉटेल-कॅन्टीन मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं २८ टक्के हॉटेल-कॅन्टीनसारख्या ठिकाणचं होतं. आकडा मोठा आहे, पण त्यावरून तुमच्या बादलीत काय आहे ते कळत नाही. ते तुम्हालाच मोजायचंय.

पहिली पायरी: आठवडाभर काही बदलू नका, फक्त वजन करा

तीस-चाळीस किलोचा साधा डिजिटल काटा घ्या आणि तीन वेगवेगळ्या रंगांच्या बादल्या. पहिलीत निवडताना-चिरताना निघालेलं: साली, देठ, किडकं, पिवळं पडलेलं. दुसरीत शिजवून उरलेलं, करपलेलं, आंबलेलं, म्हणजे ताटापर्यंत पोचलंच नाही ते. तिसरीत ताटातलं उष्टं. भांडी घासायच्या जागेजवळ काटा ठेवा. रिकाम्या बादलीचं वजन बादलीवरच मार्करने लिहून टाका, नाहीतर रोज वजाबाकीत घोळ होतो.

शंभर पानी वहीत रकाने आखा: तारीख, सकाळ की रात्र, किती पानं झाली, तिन्ही बादल्यांची वजनं आणि कारण. कारणाचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. 'भात ३ किलो उरला' एवढ्यावरून काहीच कळत नाही. 'भात ३ किलो उरला, पाऊस, डबेवाली पोरं आली नाहीत' यावरून कळतं.

हे सुरू केलं तेव्हा दुसरी बादली आठवडाभर जवळजवळ रिकामी दिसली. मला वाटलं, वा, आपला हात फारच बसलाय. मग एका रात्री मागच्या दाराशी गेले तर आमचा आचारी उरलेला भात पिशवीत भरत होता. म्हणाला, "काकू, हा गाईला जातो. वाया कुठे गेला?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. गाईच्या तोंडी गेलेलं अन्न वाया गेलं असं आपल्याकडे कोणी मानतच नाही. पण तो भात मी माणसांसाठी विकत घेतला होता, माणसांसाठी शिजवला होता. गाईचं पुढे सांगतेच. तूर्त नियम एवढाच: स्वयंपाकघरातून जे काही ताटाशिवाय दुसरीकडे जाईल ते आधी काट्यावर जाईल, मग पुढे कुणाच्याही तोंडी जावो.

आणि या आठवड्यात कोणालाही रागावू नका. एकदा आवाज चढवलात की दुसऱ्या दिवसापासून वही खोटी होते.

दुसरी पायरी: किलोचे रुपये करा

आचाऱ्याला किलोचं काही वाटत नाही, तुम्हालाही फारसं वाटणार नाही. म्हणून रुपये करायचे.

एक किलो तांदळाचा शिजून साधारण अडीच ते तीन किलो भात होतो. समजा एका वेळी चार किलो भात उरला. म्हणजे दीड किलो तांदूळ गेले. पन्नास रुपये किलोने पंचाहत्तर रुपये. दोन वेळा तेच झालं तर दीडशे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ३,९०० रुपये. यात गॅस नाही, पाणी नाही, तांदूळ धुणाऱ्या मावशींचा वेळ नाही. आणि भात हा ताटातला स्वस्तातला पदार्थ. पनीरची भाजी किंवा चिकनचा रस्सा उरला तर याच पद्धतीने मांडून बघा, झोप उडेल.

पोळीचंही गणित पाठ असू द्या. एक किलो पिठात सहाशे मिली पाणी जातं, दीड किलोच्या वर कणीक होते. चाळीस ग्रॅमचा गोळा धरला तर चाळीसच्या आसपास पोळ्या. तुमच्या पोळीवाल्या बाई 'एका किलोत तीसच होतात' म्हणत असतील तर गोळा मोठा आहे आणि मेंबर अर्धी पोळी ताटात टाकत असतील. दोन्ही गोष्टी एकदमच दिसतात.

तिसरी पायरी: आज किती पानं?

माझ्या मते नासाडी इथे होते. ताटात नाही, सालींत नाही, सकाळी साडेसातला तांदूळ मोजताना होते.

मेसमध्ये खाडा हा शब्द कळीचा. मेंबर जेवायला आला नाही तो खाडा. बहुतेक मेसवर पाटी असते: 'खाडे धरले जाणार नाहीत.' वरवर हा फायद्याचा नियम वाटतो, कारण न जेवलेल्याचे पैसे आपल्याकडेच राहतात. पण न येण्याचे पैसे परत मिळणार नसतील तर मेंबर तुम्हाला कशाला कळवेल? तो न कळवता जातो, तुम्ही त्याचं पान शिजवता, ते बादलीत जातं. म्हणजे त्याच्याकडून वाचवलेल्या पैशांतला बराच भाग तुम्ही मागच्या दाराने फेकता. वर मेंबर नाराज ते वेगळंच.

आम्ही पाटी बदलली. दुपारच्या जेवणाचा खाडा सकाळी दहापर्यंत आणि रात्रीचा चारपर्यंत कळवला तर ते जेवण पुढे धरलं जाईल, उशिरा कळवला तर नाही. तेव्हा वहीत लिहायचं, नंतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पहिल्या महिन्यात पोरं विसरली, तिसऱ्या महिन्यात घड्याळ लावून कळवायला लागली. मुद्दा चांगुलपणाचा नव्हताच, त्यांचं जेवण वाचत होतं.

खाड्यानंतर भिंतीवरचं कॅलेंडर. लाल-निळ्या पेनने त्यावर खुणा करायची सवय लावा. एकादशीला दोन्ही वेळची पानं घटतात. संकष्टीला मात्र रात्रीची घटत नाहीत, उशिरा होतात: चंद्रोदय झाला की उपासाची सगळी मंडळी एकदम येतात आणि भुकेलेली असतात. श्रावणी सोमवारी दुपार ओस, संध्याकाळ गच्च. हे माहीत नसलेला नवा माणूस संकष्टीच्या रात्री कमी शिजवतो आणि नऊनंतर धावपळ करतो, मग पुढची संकष्टी दुप्पट शिजवतो. चिकनचा रस्सा श्रावणात निम्म्यावर आणा, गटारीच्या आठवड्यात कात्री लावू नका.

शुक्रवारी संध्याकाळी सातारा, नगर, सोलापूरकडची मुलं एसटी पकडतात. रविवारी दुपारी फिस्ट, म्हणजे खास जेवण, असते म्हणून बाहेरचेही येतात आणि बऱ्याच मेस रविवारी रात्री बंदच असतात. ते शहाणपणाचं आहे. पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं जास्त, त्यामुळे पूर्वपरीक्षेच्या रविवारी केंद्र कुठे लागलंय त्यावर दुपारचं गणित अवलंबून, आणि पेपर संपल्या रात्री कोणी मेसमध्ये जेवत नाही, सगळे बाहेर जातात. निकालाच्या दिवशीही. पावसाची झड लागली तर डबे वाढतात, बसून जेवणारे घटतात. भारताचा सामना असेल तर नऊनंतर सगळे एकदम.

कोण काय जेवतं हेही लिहा. आमच्याकडे कोकणातल्या मुलांना भात लागायचा, लातूर-नांदेडकडच्या पोरांना पोळ्या आणि भाकरी. बॅच बदलली की प्रमाण बदलतं. जूनमध्ये नवे मेंबर आले की पहिले पंधरा दिवस मागच्या वर्षीचा आकडा डोक्यातून काढून टाका.

वहीत चार आठवडे झाले की साधं करा: आज मंगळवार असेल तर मागच्या चार मंगळवारांच्या रात्रीच्या पानांची सरासरी काढा, त्यातून आज नेहमीपेक्षा जास्त कळवलेले खाडे वजा करा, कॅलेंडरवरची खूण बघा. जो आकडा येईल तेवढंच शिजवा. वर पाच टक्के घ्यायचं असेल तर घ्या. 'अंदाजाने थोडं जास्त' मात्र बंद, कारण अंदाजाला वजन नसतं.

चौथी पायरी: थोडं थोडं शिजवा आणि बेसनाचा डबा भरलेला ठेवा

पोळ्या आपण गरम करतोच, मग भात एकदम का टाकायचा? मेसची वेळ साडेसात ते दहा असेल तर भाताचे तीन घाणे करा. पहिला निम्मा, दुसरा आठ-साडेआठच्या सुमारास, तिसरा किती टाकायचा ते नऊला दारातली गर्दी आणि खाड्यांची यादी बघून ठरवा. भात वीस-पंचवीस मिनिटांत होतो. आचारी कुरकुरतो, कारण त्याला साडेसातला मोकळं व्हायचं असतं. त्याच्याशी हे वेळेचं आधी बोलून घ्या, नाहीतर कितीही आकडे दाखवा, तो ऐकणार नाही.

आमटीचं वरण घट्ट शिजवून ठेवा आणि लागेल तसं थोडं थोडं काढून फोडणी द्या. फोडणी न दिलेलं वरण दुसऱ्या कामाला येतं, फोडणी दिलेली आमटी आमटीच राहते. उसळीचं तसंच: मोड आलेली मटकी उकडून फ्रीजमध्ये ठेवता येते, मसाल्यात घातली की परत येत नाही. रस्साभाजी असेल तर वाटण एकदम करून ठेवा, भाजी दोनदा शिजवा. कच्च्याच्या जितकं जवळ ठेवाल तितके पुढचे रस्ते उघडे राहतात.

आता साडेनऊची भीती. तिच्यावर उपाय पिठलं. खरंच सांगते. बेसन, कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर आणि पंधरा मिनिटं. भाजी संपली तर पिठलं टाका, सोबत ठेचा आणि कांदा. एवढ्या वर्षांत भाजी संपून पिठलं मिळालं म्हणून एकाही मेंबरने पैसे मागितले नाहीत, उलट आधी जेवून गेलेले चिडले. बेसनाचा डबा भरलेला आहे हे आचाऱ्याला माहीत असलं की तो दोन मापं कमी टाकायला तयार होतो. तुमच्याकडे पिठलं चालत नसेल तर झुणका, अंडाभुर्जी, टोमॅटोची चटणी, काहीही. पण कोरडा शिधा हवा, झटपट होणारा हवा आणि पोळीबरोबर जाणारा हवा.

पाचवी पायरी: मंडईतली हाव

मार्केट यार्डात पहाटे मेथीची जुडी स्वस्त दिसली की हात शंभर जुड्यांवर जातो. घरी आणल्यावर निवडायला दोन बायका, निवडून साधारण निम्मं हाती, आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या जुड्या गरम होऊन पिवळ्या. स्वस्त जुडी महाग पडते ती अशी. पालेभाजी त्या दिवसापुरतीच आणा.

किती हाती लागतं ते प्रत्येक भाजीचं एकदा मोजून भिंतीवर लिहा. मटाराच्या एक किलो शेंगांतून जेमतेम ४०० ते ४५० ग्रॅम दाणे निघतात. हे माहीत नसेल तर एकतर कमी आणाल किंवा घाबरून दुप्पट आणाल.

साठवणीचे नियम थोडकेच आहेत. कांद्याला वारा हवा, बटाट्याला अंधार हवा. उजेडात बटाटा हिरवा पडतो आणि हिरवा बटाटा खाऊ नये. पिकलेली केळी आणि टोमॅटो पालेभाजीशेजारी नकोत, त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पालेभाजी पिवळी पडते. कोथिंबीर ओली ठेवू नका, कोरडी करून कागदात गुंडाळा. फ्रीज ५ अंशांखाली असला पाहिजे आणि त्यात हवा खेळायला जागा पाहिजे. ठासून भरलेला फ्रीज आत गरमच राहतो. कच्चं चिकन कायम खालच्या कप्प्यात, शिजलेलं वर. आधी आणलेलं पुढे, नवीन मागे. प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून तारीख. पट्टीवर तारीख नसेल तर तो डबा कोणी उघडत नाही, आणि जो उघडत नाही तो शेवटी सडतो.

साली-देठांचं आपल्या आज्यांनी आधीच ठरवून ठेवलंय. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी, फ्लॉवरच्या कोवळ्या दांड्यांची परतून भाजी, कोथिंबिरीचे देठ वाटणात. पुरण करताना निथळलेल्या कटाची आमटी तर पुरणपोळीपेक्षा जास्त मागतात. पण शंभर पानांच्या मेसमध्ये रोज सालींची चटणी करायला माणूस लावाल तर मजुरी चटणीपेक्षा जास्त होईल. जिथे सहज जमतं तिथेच करा. उरलेल्या साली खतात गेल्या तर त्यात लाज नाही.

सहावी पायरी: ताट

उष्ट्याबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलतात. भिंतीवर श्लोक, 'अन्न हे पूर्णब्रह्म'ची पाटी, काही ठिकाणी ताटात टाकलं तर दंड. दंड मला पटत नाही. आजारी मुलगा अर्धं ताट सोडतो आणि त्याला सगळ्यांसमोर वीस रुपये भरावे लागतात, मग तो मेस बदलतो. पाटीने काही होत नाही, तिसऱ्या दिवशी ती दिसेनाशी होते.

होतं ते वाढप्याच्या हाताने. पहिल्या वाढणीत थोडं वाढायचं आणि पुन्हा पुन्हा फिरायचं. भाताचा डाव लहान करा, मग बघा. मोठ्या डावाने वाढपी मुद्दाम जास्त वाढतो असं नाही, त्याचा हात डावाबरोबर जातो. भात आधीच ताटात घालू नका, पोळ्या झाल्यावर विचारा. 'भात घेणार?' या प्रश्नाला रात्री तिघांत एक जण 'नको' म्हणतो. कोशिंबीर, लोणचं, पापड सगळ्यांना न विचारता वाढायची सवय असेल तर मोडा. दोन पोळ्यांची अर्धी थाळी कमी दरात ठेवा, मुली आणि वयस्कर माणसं आवर्जून घेतात.

आणि आठवड्यातून एकदा भांडी घासायच्या जागी अर्धा तास उभं राहा. वीस ताटांत दुधीची भाजी तशीच असेल तर मुलांना अन्नाची किंमत नाही असा निष्कर्ष काढू नका. चाखून बघा. आमच्याकडे एकदा सलग तीन बुधवार वांगी ताटात परत येत होती. चाखली तर आतून कच्ची. नव्या मदतनिसाने मोठ्या फोडी केल्या होत्या आणि कोणी बघितलंच नव्हतं.

सातवी पायरी: उरलंच तर

इथे सावध राहा. नासाडी वाचवायच्या नादात कोणाचं पोट बिघडवलंत तर मेस बंद होईल, आणि व्हायलाच हवी.

शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये रेंगाळलं की त्यात जंतू वाढतात. म्हणजे एकतर ६० च्या वर गरम ठेवा, नाहीतर पटकन थंड करून ५ च्या खाली न्या. पटकन म्हणजे पहिल्या दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि त्यापुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत. अन्नात खुपसायचा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो, घ्याच. बोटाने अंदाज घेऊ नका.

पातेलंभर भात झाकून ओट्यावर ठेवला तर आत तो तासन्‌तास कोमट राहतो. तो मोठ्या परातीत दोन बोटं जाडीचा पसरा, खाली थंड पाण्याचं घमेलं ठेवा, पंखा लावा, वाफ गेली की उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये. भाताबद्दल इतका आग्रह का? तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि जे विष तयार करतात ते फोडणीत परतूनही जात नाही. 'गरम केलं की सगळं मरतं' हे आपल्या स्वयंपाकघरांत चालत आलेलं वाक्य भाताच्या बाबतीत खोटं आहे.

नीट थंड केलेला भात दुसऱ्या सकाळी फोडणीचा भात, पोळ्यांची फोडणीची पोळी किंवा कुस्करा. नाश्त्याच्या पाटीवर तेच नाव लिहा, लपवू नका. फोडणीची पोळी खायला आमच्याकडे माणसं मुद्दाम यायची. वरणात पीठ भिजवून थालीपीठ होतं. सगळं आतपर्यंत कडक गरम करा, ७५ अंश. आणि एकदाच. एकदा गरम करून पुन्हा उरलं तर ते दुसऱ्या बादलीत, हळहळ न करता.

दोन गोष्टी कधीच करू नका. कालची भाजी आजच्या भाजीत मिसळू नका. त्याने नासाडी वाचत नाही, आजची पूर्ण भाजी कालची होते. आणि ताटात वाढलेलं, मग ते न शिवलेलं दिसो, परत पातेल्यात नाही. टेबलावर उघड्या वाटीत ठेवलेलं लोणचं-चटणीसुद्धा नाही.

मेसमधली माणसं शेवटी काय खातात तेही बघा. मावशी आणि मदतनीस रात्री दहाला उरलेलं गार खातात आणि घरी नेतात ही पद्धत अनेक ठिकाणी आहे. मी ती बदलली: त्यांचं पान आधीच मोजणीत धरायचं आणि गरम असताना द्यायचं. नाहीतर 'बायकांना न्यायला काहीतरी उरायला हवं' म्हणून आचारी जास्त टाकतो. त्यामागे माया असते, म्हणून ते पकडायला मला फार उशीर लागला.

आठवी पायरी: बाहेर द्यायचं असेल तर

गाईचं राहिलं होतं. शिजलेला भात, पोळ्या, लग्नातलं उरलेलं गोड असं पिष्टमय अन्न एकदम पोटभर मिळालं तर गाई-म्हशींच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावूही शकतं. पुण्य समजून टाकलेली पिशवी तिच्या जिवावर उठते, आणि पिशवी प्लास्टिकची असेल तर बोलायलाच नको. गोठेवाल्याशी बोलून, मर्यादेत, ताज्या भाज्यांचे देठ द्यायचे तर द्या. भाताची गोणी नको.

माणसांना द्यायचं असेल तर पद्धतशीर द्या. जास्तीचं अन्न गोळा करून वाटण्याबद्दल एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, २०१९ ची नियमावली आहे, ती १ जुलै २०२० पासून लागू आहे. रॉबिन हूड आर्मी ही स्वयंसेवकांची संघटना २०१४ पासून हे काम करते, तिचे कार्यकर्ते पैसे घेत नाहीत, अन्न नेतात आणि वाटतात. तुमच्या गावात कोण आहे ते उरायच्या आधी शोधून ठेवा. रात्री साडेदहाला चार किलो भात समोर ठेवून फोन फिरवायला लागलात तर कोणी येणार नाही.

द्यायचं ते पातेल्यातलं, न वाढलेलं, गरम, झाकणाच्या स्वच्छ डब्यात. डब्यावर पदार्थ, शाकाहारी की मांसाहारी, किती वाजता शिजवला आणि किती वाजेपर्यंत खावा हे लिहा. तुमच्या मुलाला त्या वेळी वाढलं असतं का, असं विचारून बघा. नसतं, तर देऊ नका. आणि दिलेलंही वहीत लिहा, दुसऱ्या बादलीच्याच रकान्यात. रोज पाच किलो दान होत असेल तर तुमचा अंदाज रोज पाच किलोने चुकतोय.

नववी पायरी: जे कचराच आहे ते

रोजचा कचरा १०० किलोच्या वर गेला तर तुम्ही मोठे कचरा निर्माते ठरता आणि ओल्या कचऱ्याची जबाबदारी तुमच्यावर येते. लहान मेस इतकी जात नाही, पण ओला-सुका वेगळा करणं सगळ्यांनाच बंधनकारक. जागा असेल तर खताचे ड्रम ठेवा. नुसत्या साली टाकल्या तर वास येतो, कारण त्यांत नत्र आणि पाणी जास्त. सुका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा मिसळला की गणित बसतं. खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्राचं काम पुण्यातल्याच डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने केलं, त्याला २००६ साली ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला. भात, पोळ्या यांसारखं पिष्टमय खरकटं त्याला चांगलं मानवतं. पण ते रोज थोडं थोडं, बारीक करून घालावं लागतं. एकदा महिनाभर नीट सांभाळणारा माणूस नेमा, मगच विकत घ्या.

तळणाचं तेल मोरीत ओतू नका, चेंबर तुंबतो. तेल पुन्हा पुन्हा तापवून खराब होताना त्यात तयार होणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंदही ठेवावी लागते. जळकं तेल बायोडिझेलसाठी अधिकृत गोळा करणारे पैसे देऊन नेतात. गाडीवाल्याला विकू नका, तो त्यातच भजी तळेल.

आता हे सगळं एकदम करायला जाऊ नका. पहिला महिना काटा, वही आणि खाडा. दुसऱ्या महिन्यात भाताचे घाणे. दर सोमवारी सकाळी दहा मिनिटं आचाऱ्याबरोबर वही उघडा, आणि वाचलेल्या रकमेतला हिस्सा त्याला रोख द्या. आम्ही चौथा हिस्सा द्यायचो. त्यानंतर गाईचं नाव त्याने कधी काढलं नाही.

तरी वही मिटत नाही. पिठलं इतकं चाललं की मुलांनी मागून मागून ते गुरुवारच्या रात्री ठरलेलं करून घेतलं. आणि पुढचे चार गुरुवार दुसऱ्या बादलीत भात दिसायला लागला. कारणाच्या रकान्यात सूनबाईंनी लिहिलं होतं: 'पिठल्याबरोबर भाकरी जाते. गुरुवारी तांदूळ दोन किलो कमी.'